अमेरिकेतलं भाड्याचं व्हाउचर: ही वेटिंग लिस्ट आहे, रांग नव्हे

२०२४ च्या जून महिन्यात न्यूयॉर्क शहराच्या हाउसिंग ऑथॉरिटीने, म्हणजे तिथली सरकारी घरं आणि भाड्याची मदत सांभाळणाऱ्या ऑफिसने, भाड्याच्या व्हाउचरची वेटिंग लिस्ट एका आठवड्यासाठी उघडली. त्याआधी ती २००९ च्या डिसेंबरात बंद झाली होती. जवळजवळ पंधरा वर्षं नवीन नाव घेणंच थांबलं होतं. त्या आठवड्यात ६ लाख ३३ हजारांहून जास्त अर्ज आले. मग संगणकाने सोडत काढली आणि २ लाख नावं निवडली. या दोन लाखांना घर मिळालं का? नाही. व्हाउचर? तेही नाही. त्यांना वेटिंग लिस्टवर जागा मिळाली.

हे मी कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग गप्प होतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतून मला हा प्रश्न अधूनमधून येत असतो. मुलाकडे राहायला आलेल्या आईबाबांना ग्रीन कार्ड मिळालेलं असतं, सुनेचं आणि सासूचं एका स्वयंपाकघरात जमत नसतं, आणि कुणीतरी सांगितलेलं असतं की इथे सरकार म्हाताऱ्या माणसांचं भाडं भरतं. कधी प्रश्न विचारणारी घटस्फोटानंतर दोन मुलांना घेऊन वेगळी राहू पाहणारी बाई असते. ‘सरकार भाडं देतं म्हणे, खरं का?’ खरं आहे. पण ते ‘देतं’ या शब्दात बरंच काही दडलेलं आहे, म्हणून जरा मुळापासून सांगते.

देतं म्हणजे नक्की काय देतं?

केंद्र सरकारची भाड्याची मदत मुख्यतः तीन वाटांनी मिळते. पहिली वाट सरकारी मालकीच्या इमारतींची. १९३७ च्या गृहनिर्माण कायद्यातून ही सुरू झाली. दुसऱ्या वाटेत इमारत खासगी किंवा एखाद्या सेवाभावी संस्थेची असते आणि सरकारी मदत त्या इमारतीला चिकटलेली असते. तुम्ही तिथे राहता तोवर भाडं कमी, घर सोडलं की मदत सुटली. तिसरी वाट व्हाउचरची. इथे मदत माणसाला चिकटते. बाजारातलं कुठलंही घर तुम्ही शोधायचं, तुमच्या वाट्याचं भाडं तुम्ही द्यायचं आणि उरलेलं सरकार थेट घरमालकाला देतं.

या तिसऱ्या प्रकाराला लोक ‘सेक्शन ८’ म्हणतात, कारण १९७४ मध्ये त्या जुन्या कायद्याच्या आठव्या कलमात ही योजना घातली गेली. पैसा केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडून येतो, त्या खात्याला सगळे ‘हड’ म्हणतात. पण अर्ज हडकडे करायचा नसतो. तो घ्यायला शहरात किंवा काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, एक हाउसिंग ऑथॉरिटी असते. व्हाउचर चालवणाऱ्या अशा दोन हजारांवर ऑथॉरिटी देशभर आहेत, आणि प्रत्येकीची यादी वेगळी, फॉर्म वेगळा, प्राधान्याचे नियमही थोडे थोडे वेगळे. बहुतेक गोंधळाचं मूळ इथेच आहे. ‘सरकारकडे अर्ज केलाय’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, ‘कुठल्या ऑथॉरिटीकडे? आणि कुठल्या यादीसाठी?’ कारण एकाच ऑफिसात सरकारी इमारतींची यादी वेगळी आणि व्हाउचरची वेगळी असू शकते. एकीत नाव असलं म्हणजे दुसरीत आपोआप येत नाही.

पात्रता मुख्यतः उत्पन्नावर ठरते. एखाद्या भागातली शंभर कुटुंबं कमाईप्रमाणे ओळीने उभी केली तर मधोमध उभ्या असलेल्या कुटुंबाची जी कमाई, ती त्या भागाची मध्यम कमाई. व्हाउचरसाठी साधारणपणे तुमची कमाई तिच्या निम्म्याच्या आत हवी. शिवाय दर वर्षी नव्याने व्हाउचर मिळणाऱ्यांपैकी किमान ७५ टक्के कुटुंबं त्याहूनही गरीब, म्हणजे मध्यम कमाईच्या ३० टक्क्यांच्या किंवा दारिद्र्यरेषेच्या आतली, असावी लागतात. त्यामुळे कागदावर पात्र असलेल्या पण त्यातल्या त्यात बऱ्या स्थितीतल्या माणसाचा नंबर आणखी मागे जातो.

भाड्याचं गणित

समजा, एका कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न, कायद्याने मिळणाऱ्या वजावटी काढून, २,००० डॉलर आहे. त्याचे ३० टक्के म्हणजे ६०० डॉलर हा त्यांचा वाटा. प्रत्येक ऑथॉरिटी घराच्या आकारानुसार एक कमाल रक्कम ठरवते. हड दर वर्षी त्या भागाचं ‘रास्त भाडं’ जाहीर करतं आणि त्याच्या ९० ते ११० टक्क्यांच्या दरम्यान ही रक्कम साधारणपणे ठेवायची असते. आपल्या उदाहरणात ती १,८०० डॉलर धरू.

वीज-गॅस धरून १,७०० डॉलरचं घर मिळालं, तर कुटुंब ६०० देणार आणि ऑथॉरिटी १,१००. घर २,००० चं असेल तर ऑथॉरिटी १,८०० वजा ६००, म्हणजे १,२०० वर थांबणार आणि कुटुंबाला ८०० द्यावे लागणार. आणि २,१०० चं असेल तर? कुटुंबाचा वाटा ९०० होतो, म्हणजे उत्पन्नाच्या ४५ टक्के. तिथे परवानगीच मिळत नाही, कारण ऑथॉरिटीच्या कमाल रकमेपेक्षा महाग घर पहिल्यांदा घेताना तुमचा वाटा ४० टक्क्यांवर जाता कामा नये असा नियम आहे. ‘वरचे मी भरतो की’ हे इथे चालत नाही. घरमालकाला गुपचूप वेगळे पैसे देणं तर सरळ गुन्हा आहे आणि त्यात व्हाउचर जातं.

उत्पन्न घटलं की तुमचा वाटा घटतो, वाढलं की वाढतो. म्हणून नोकरी लागल्यावर ते कळवायचं असतं. लपवून ठेवलेलं उत्पन्न पुढे सापडलं की फरक परत द्यावा लागतो.

पात्र आहे, तरी मिळत नाही हे कसं?

सरकारी मदतीच्या दोन पंगती असतात असं समजा. एका पंगतीत दारात आला तो जेवणारच, पानं कमी पडली तर यजमानाने आणखी आणायची. अन्नमदतीची ‘स्नॅप’ योजना किंवा गरिबांचा आरोग्यविमा ‘मेडिकेड’ या अशा पंगती आहेत. निकषात बसलात की तुमचा हक्क. दुसऱ्या पंगतीत पानं आधीच मोजून ठेवलेली असतात. भाड्याची मदत ही दुसरी पंगत. दर वर्षी संसद एक रक्कम मंजूर करते आणि तेवढ्यात बसतील तेवढीच कुटुंबं बसतात. बाकीची ओसरीवर.

आज साधारण २३ लाख कुटुंबं व्हाउचरवर आहेत. सगळ्या योजना मिळून पाहिलं तर मदतीला पात्र असलेल्या दर चार कुटुंबांमागे जेमतेम एकाला ती मिळते. सरकारी इमारती वाढवाव्यात, तर १९९८ च्या कायद्याने त्यांची संख्या ऑक्टोबर १९९९ च्या पातळीवर गोठवून ठेवली आहे. त्यामुळे नवं व्हाउचर निघतं ते बहुतेक वेळा कुणीतरी जुनं सोडल्यावरच. कुणाची कमाई वाढते, कुणी गाव सोडतं, कुणी वारतं. त्यातही ज्या वर्षी भाडी भडकतात आणि मंजूर रक्कम तेवढी वाढत नाही, त्या वर्षी ऑथॉरिटी नवी व्हाउचर देणं थांबवून आहे त्यांचंच भाडं कसंबसं भागवते. तुमचा नंबर पुढे सरकत नाही तेव्हा कुणी वशिल्याने पुढे घुसलं असेलच असं नाही. पुष्कळदा अख्खी यादीच जागच्या जागी थांबलेली असते.

‘आमच्या टॅक्सवर फुकट्यांची सोय’ असं एक वाक्य आपल्या लोकांच्या पार्ट्यांमध्येही ऐकू येतं. भाड्याची मदत मिळणाऱ्यांत मोठा हिस्सा म्हातारे, अपंग आणि लहान मुलं यांचा आहे, आणि उरलेल्यांतले बरेच जण कमी पगाराच्या नोकऱ्या करतात. शिवाय गृहकर्जाच्या व्याजावर जी करसवलत मिळते, तीही सरकारने घरासाठी केलेली मदतच आहे. फक्त तिला वेटिंग लिस्ट नाही. हे एवढंच सांगून मी पार्टीत विषय बदलते.

नंबर पुढे कसा सरकतो?

गणपतीला कोकणात जायचं तिकीट काढलेल्या कुणालाही हे पटकन कळेल. रेल्वेची वेटिंग लिस्ट एकच दिसते, पण आत कोटे असतात. जनरलचा वेगळा, ज्येष्ठांचा वेगळा, मधल्या स्टेशनचा वेगळा. तुमच्यानंतर तिकीट काढलेल्याचं कन्फर्म होतं आणि तुमचं लटकतं, कारण तो दुसऱ्या कोट्यात असतो.

हाउसिंगच्या यादीत या कोट्यांना प्राधान्य म्हणतात. बेघर कुटुंब, घरातल्या मारहाणीतून सुटून आलेली व्यक्ती, माजी सैनिक, अपंग किंवा वृद्ध व्यक्ती, आपत्तीत घर गेलेले लोक, त्या शहरात राहणारे किंवा नोकरी करणारे. यांतली कुठली प्राधान्यं धरायची आणि कुणाला किती वजन द्यायचं, हे प्रत्येक ऑथॉरिटी आपापल्या धोरणात लिहून ठेवते आणि ते धोरण कुणालाही वाचता येतं. अर्ज भरण्याआधी नेमकं हेच वाचायचं असतं, आणि नेमकं हेच कुणी वाचत नाही. प्राधान्याच्या चौकटीत खूण करायची राहिली तर तुम्ही आपोआप जनरलमध्ये जाता. परिस्थिती नंतर बदलली, म्हणजे समजा अर्जानंतर वर्षाने नवऱ्याला अपंगत्व आलं, तर ते तेव्हा कळवून प्राधान्य मागता येतं.

एकाच कोट्यातल्या लोकांचा क्रम दोन प्रकारे ठरतो. काही ठिकाणी अर्जाच्या तारखेवर आणि वेळेवर, काही ठिकाणी सोडतीवर. मोठ्या शहरांत आता सोडतच जास्त. लॉस एंजेलिसची व्हाउचर यादी २००४ नंतर थेट २०१७ मध्ये उघडली, आणि पुन्हा २०२२ च्या ऑक्टोबरात दोन आठवडे. त्या वेळी दोन लाखांवर अर्जांतून ३० हजार नावं सोडतीने घेतली. सोडत असेल तिथे पहाटे चारला उठून अर्ज भरण्यात काही अर्थ नसतो. पहिल्या मिनिटाचा आणि शेवटच्या दिवसाचा अर्ज सारखाच. तारखेचा क्रम असेल तिथे मात्र पहाटे उठावं.

‘किती दिवस लागतील?’ याला एक उत्तर नाही. वॉशिंग्टनमधल्या सेंटर ऑन बजेट अँड पॉलिसी प्रायॉरिटीज या संस्थेने २०२१ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार, ज्यांना व्हाउचर मिळालं त्यांनी सरासरी अडीच वर्षांच्या आसपास वाट पाहिली होती. देशातल्या सर्वांत मोठ्या ५० ऑथॉरिटींपैकी फक्त दोन ठिकाणी सरासरी एका वर्षाच्या आत होती आणि सर्वांत लांबलेली आठ वर्षं. आणि ही सरासरी मिळालेल्यांची आहे. वाट पाहता पाहता यादीतून गळालेले त्यात मोजलेलेच नाहीत.

मग चार ठिकाणी नाव घालायचं का?

चार काय, दहा ठिकाणी घाला. एका वेळी कितीही ऑथॉरिटींच्या याद्यांत नाव असू शकतं, त्यावर बंदी नाही. मोठ्या शहराची यादी बंद असते तेव्हा तासाभराच्या अंतरावरच्या छोट्या काउंटीची उघडी असू शकते. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्थानिकांना प्राधान्य असेल तर बाहेरचे मागे पडतात. आणि अर्ज करताना तुम्ही त्या हद्दीत राहत नसाल, तर व्हाउचर मिळाल्यावर पहिले बारा महिने ते दुसऱ्या गावी नेण्याचा हक्क नसतो. ऑथॉरिटीने परवानगी दिली तर गोष्ट वेगळी.

व्हाउचरच्या नादात लोक दुसरी वाट विसरतात. ६२ वर्षांवरच्या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी ‘सेक्शन २०२’ नावाची योजना १९५९ पासून आहे. सेवाभावी संस्थांनी बांधलेल्या इमारती, त्यात लिफ्ट, बाथरूममध्ये धरायला दांडे, कधी एखादी मदतनीस. यांत बहुधा प्रत्येक इमारतीची आपली वेगळी यादी असते आणि अर्ज इमारतीच्या ऑफिसातच करायचा. आईबाबांसाठी विचारणाऱ्यांना मी आधी हेच सांगते. व्हाउचर घेऊन सत्तरीत घरं शोधत फिरण्यापेक्षा हे बरं. याद्या इथेही लांब आहेत, पण लहान गावांत कधी कधी वर्षभरातसुद्धा नंबर लागलेला पाहिलाय.

करसवलत घेऊन बांधलेल्या ‘परवडणाऱ्या’ इमारतीही असतात. तिथे भाडं बाजारापेक्षा कमी असतं, पण ते ठरलेलं असतं. तुमचं उत्पन्न घटलं म्हणून ते घटत नाही. हा फरक न कळल्यामुळे सही करून बसलेले लोक मला भेटलेत.

अर्जाला पैसे लागत नाहीत. कुठलीही हाउसिंग ऑथॉरिटी वेटिंग लिस्टवर नाव घालायला फी घेत नाही. ‘सेक्शन ८ अर्ज’ असं शोधलं की सरकारी वाटणाऱ्या अनेक वेबसाइट दिसतात. त्या कार्डाचा नंबर मागतात, सोशल सिक्युरिटी नंबर घेतात, आणि तुमचं नाव कुठल्याही यादीत जात नाही. कार्डाचा नंबर मागितला की तिथेच थांबा आणि ऑथॉरिटीच्या ऑफिसला फोन करून खरा पत्ता विचारा.

नाव गळतं कसं

माझ्या ओळखीतल्या एका मावशींचं नाव चार वर्षं यादीत होतं. त्या नाशिकला भाच्याच्या लग्नाला म्हणून गेल्या आणि चार महिने राहिल्या. इकडे ऑथॉरिटीचं पत्र आलं: अजून मदत हवी आहे का, तर अमुक तारखेच्या आत कळवा. ते पत्र पिझ्झाच्या कूपनांबरोबर मुलाच्या किचन काउंटरवर पडून राहिलं. मावशी परतल्या तेव्हा दुसरं पत्र आलेलं होतं: तुमचं नाव काढण्यात आलं आहे. फोन केला, ऑफिसात गेल्या, विनंती केली. नियम म्हणजे नियम, असं उत्तर मिळालं. यादी तोवर बंद झाली होती.

यात ऑफिसने नियमाबाहेर काही केलं नव्हतं, आणि तरीही मला ते अजून खुपतं. दर वर्ष-दोन वर्षांनी ऑथॉरिटी यादी साफ करते. हजारो लोकांना एकदम पत्रं किंवा ई-मेल जातात आणि उत्तर न देणाऱ्यांची नावं निघतात. गरीब माणूस घरं जास्त बदलतो, फोन नंबर जास्त बदलतो, म्हणजे ज्याला मदतीची गरज सर्वांत जास्त त्याचंच पत्र हरवण्याची शक्यता जास्त. यादी लहान दिसते, पण गरज तेवढीच राहते.

म्हणून अर्ज भरण्यापेक्षा नाव जिवंत ठेवणं हे मोठं काम आहे. अर्ज केल्यावर मिळणारा क्रमांक आणि पावती जपून ठेवायची. तिचा फोटो काढून स्वतःलाच पाठवून ठेवलेला बरा. पत्ता, फोन किंवा ई-मेल बदलला की प्रत्येक यादीला वेगळं कळवायचं. पोस्टात पत्ता बदलून घेतला म्हणून ऑथॉरिटीला कळत नाही, आणि अशी काही पत्रं नव्या पत्त्यावर न येता सरळ परत जातात. स्वतःचा पत्ता पक्का नसेल तर ज्याचं घर हलणार नाही अशा माणसाचा पत्ता द्यावा. ई-मेल मुलाचा देण्यापेक्षा स्वतःचा उघडून पासवर्ड मुलाला द्यावा, कारण मुलगा नोकरी बदलतो आणि ऑफिसचा ई-मेल बंद होतो. भारतात महिनाभराहून जास्त जाणार असाल तर टपाल उघडून वाचणारा कुणीतरी मागे ठेवा. उघडून वाचणारा, नुसतं गोळा करणारा नव्हे.

कुटुंबात जन्म, मृत्यू, लग्न, घटस्फोट झाला की तेही कळवायचं, कारण किती खोल्यांचं घर लागेल हे त्यावर ठरतं.

नाव निघालंच तर? आधी लेखी विचारा, का निघालं. घरातल्या कुणाच्या अपंगत्वामुळे उत्तर देता आलं नसेल, म्हणजे आजारपण, दृष्टी गेलेली, स्मृतिभ्रंश, तर ऑथॉरिटीला ते नाव पूर्वीच्या जागी परत घ्यावंच लागतं. हा केंद्राचा नियम आहे. मावशींना मोतीबिंदूचा त्रास होता, पण हे आम्हाला तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. अर्जच नाकारला गेला असेल तर कारण लेखी द्यावं लागतं आणि फेरविचार मागता येतो, पण त्याची मुदत थोड्या दिवसांची असते. पत्रावरची तारीख आधी बघा, राग नंतर.

ग्रीन कार्डवाल्या आईबाबांचं काय?

ग्रीन कार्डधारक, निर्वासित, आश्रय मिळालेले अशा काही गटांना ही मदत मिळू शकते. एच-१बी, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावरच्यांना मिळत नाही. घरात काही जण पात्र आणि काही अपात्र असतील तर पात्र माणसांपुरती, त्या प्रमाणात मदत मिळण्याची पद्धत आहे. ती बंद करण्याचा प्रस्ताव २०१९ मध्ये आला होता आणि २०२१ मध्ये मागे घेतला गेला. हा वाद अधूनमधून डोकं वर काढतो, तेव्हा अर्जाच्या वेळी ताजा नियम विचारून घ्यावा.

‘याचा इमिग्रेशनवर परिणाम होईल का?’ हा त्यापुढचा प्रश्न. सरकारवर भार होईल अशा माणसाला ग्रीन कार्ड नाकारण्याची तरतूद कायद्यात आहे. २०२० मध्ये लागू झालेल्या नियमात सेक्शन ८ ची मदत त्यात मोजली जात होती, २०२२ च्या नियमाने ती वगळली. सरकार बदललं की हे बदलतं. ग्रीन कार्ड हातात असलेल्याला हा प्रश्न सहसा येत नाही, पण सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहून परतताना तो निघू शकतो. इथे माझ्यासारखीचं ऐकू नका, इमिग्रेशन वकिलाला विचारा. मुलाने स्पॉन्सर म्हणून जो कागद सही केलाय तोही वकिलाला दाखवा.

आता आपल्या घरांत हमखास निघणाऱ्या तीन-चार गोष्टी. मुलगा दर महिन्याला आईच्या खात्यात ठरावीक पैसे टाकतो? ते उत्पन्न धरलं जातं. पुण्यातला फ्लॅट आईच्या नावावर आहे? तो सांगावाच लागतो. २०१६ च्या कायद्याने मालमत्तेवर १ लाख डॉलरची मर्यादा घातली, ती महागाईप्रमाणे वाढते. राहण्याजोगं स्वतःचं घर असणाऱ्यांनाही अडवलं. इतक्या दूरच्या फ्लॅटकडे ऑथॉरिटी कशी बघेल हा वेगळा प्रश्न, पण त्याची किंमत मालमत्तेत येते. ‘त्यांना कुठे कळणार’ असं म्हणून तो लपवणं म्हणजे खोट्या माहितीवर सही करणं.

मुलाच्याच घराचं तळघर भाड्याने घेऊन व्हाउचर वापरता येईल? नाही. आईवडील, मुलं, नातवंडं, आजीआजोबा, भावंडं यांच्या मालकीच्या घरात व्हाउचर चालत नाही. अपवाद कुटुंबातल्या अपंग व्यक्तीच्या सोयीसाठी आधी मंजुरी घेतली तर. आणि व्हाउचर मिळाल्यावर दिवाळी ते गुढीपाडवा भारतात? बेत मोजून करा. सलग १८० दिवसांहून जास्त घर रिकामं राहिलं तर मदत थांबते, आणि बऱ्याच ऑथॉरिटींची स्वतःची मर्यादा त्याहून कमी असते.

व्हाउचर आलं, आता घर?

नंबर आल्यावर मुलाखत होते, कागद तपासले जातात: ओळखपत्रं, जन्मदाखले, इमिग्रेशनचे कागद, पगाराच्या पावत्या, बँकेची स्टेटमेंटं. मग व्हाउचर हातात पडतं आणि घड्याळ सुरू होतं. घर शोधायला किमान ६० दिवस मिळतात. वाढीव मुदत देणं ऑथॉरिटीच्या हातात असतं, अपंगत्व असेल तर ती हक्काने मागता येते. देशभरात व्हाउचर मिळालेल्या दहांपैकी साधारण सहा जणांनाच ते वापरून घर मिळतं. बाकीच्यांचं व्हाउचर वर्षानुवर्षं थांबून हाती आलेलं असतं आणि तसंच परत जातं.

घरमालक नाही म्हणतात, कारण तपासणी होते, कागदं वाढतात, पहिला चेक उशिरा येतो. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स अशा राज्यांत केवळ व्हाउचर आहे म्हणून भाडेकरू नाकारणं बेकायदा आहे. टेक्सासने उलट २०१५ मध्ये शहरांना असे नियम करण्यापासून अडवलं. त्यामुळे ‘व्हाउचर चालणार नाही’ या वाक्याला एका राज्यात तक्रार करता येते आणि दुसऱ्यात पुढचं घर बघावं लागतं. डिपॉझिट सहसा व्हाउचरमधून मिळत नाही. नाव यादीत असतानाच त्याची सोय करायला लागा.

आणि घर या महिन्यातच जात असेल तर?

मग ही यादी तुमच्या कामाची नाही. नाव घाला, पण तिच्या भरवशावर राहू नका. २११ या क्रमांकावर फोन करा, तिथे आपल्या भागातल्या तातडीच्या भाडेमदतीची, निवाऱ्याची आणि मोफत कायदेशीर मदतीची माहिती मिळते. दुभाषी मागता येतो. घर रिकामं करण्याबद्दल कोर्टाचा कागद आला असेल तर त्यावरच्या तारखेला हजर राहा. न गेलेल्याविरुद्ध बहुतेक वेळा त्याच दिवशी निकाल लागतो, आणि तो निकाल पुढे प्रत्येक घरमालकाला तुमची माहिती तपासताना दिसू शकतो, व्हाउचर हातात असलं तरी.